सायबर चोर आणि राज्याची राखण

भात पोटरीला आले की जोयडा तालुक्यातील शेतकरी घरी निजत नाही. शेताच्या कडेला माळा बांधून तो रात्र रात्र राखण करतो. काळोखात गव्याची वा रानडुकराची चाहूल लागली की पहिल्या माळ्यावरून हाकारा उठतो. तो पलीकडच्या माळ्यावरचा उचलतो, त्याच्याकडून तिसरा उचलतो, आणि घटका भरण्यापूर्वी साऱ्या खोऱ्याला कळते की जनावर कोणत्या अंगाने उतरले आहे. ज्याच्या शेतात नासाडी झाली त्याने सकाळी उठून बोंब मारली, तर तिचा काही उपयोग नसतो. राखणीचे सारे बळ हाक वेळेवर उठण्यात आणि पुढच्याने ती वेळेवर ऐकण्यात असते.

गेल्या काही वर्षांत आपल्या देशात एक नवीन चोर अवतरला आहे. त्याला कुंपण अडवू शकत नाही आणि त्याचे पाऊल मातीत उमटत नाही. संगणक, मोबाईल आणि त्यांना जोडणारे अदृश्य जाळे हीच त्याची वाट. या चोरीला सायबर गुन्हा असे नाव रूढ झाले आहे. या चोरापासून सामान्य माणसाचे रक्षण कोणी करावयाचे, राज्य सरकारे ते कसे करीत आहेत, आणि त्या राखणीतील कोणती कडी अद्याप कच्ची आहे, याचा विचार जोयड्यासारख्या दूरच्या तालुक्याच्या बाजूने केला, तर तो अधिक स्पष्ट होईल.

जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या माथ्यावरचा तालुका. पूर्वी त्याला सूपा तालुका म्हणत. काळी नदीचा उगम याच तालुक्यात डिग्गीजवळ होतो, आणि याच नदीवर बांधलेल्या एकशेएक मीटर उंचीच्या धरणाच्या पाण्याखाली जुने सूपा गाव गेले. तेथील विस्थापितांचे रामनगर वसले. तालुक्याचे क्षेत्रफळ मोठे, परंतु लोकवस्ती २०११ च्या शिरगणतीनुसार पन्नास हजारांच्या आसपास. कुणबी, गवळी, सिद्दी, आणि धंद्यानोकरीच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेले इतर लोक असा हा समाज आहे. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कानडी बोलणारी माणसे येथे जागोजागी भेटतात. व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यामुळे वाड्या विखुरलेल्या आहेत, आणि कित्येक वाड्यांत मोबाईलची ध्वनिलहर अजून धडपणे पोहोचत नाही. फोन लावण्यासाठी डोंगराच्या एखाद्या ठराविक टेपावर जाऊन उभे राहावयाचे, ही येथील नित्याची रीत आहे.

अशा ठिकाणी सायबर चोराला काय मिळणार, असे शहरातील माणसाला वाटेल. पण हा समज खरा नाही. वृद्धाचे निवृत्तिवेतन, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हे सारे आता परस्पर बँकेच्या खात्यात जमा होते. कर्नाटक सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेल्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार रुपयेही कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यातच येतात. गणेशगुडी आणि जगलबेटच्या बाजूला पर्यटकांसाठी उभ्या राहिलेल्या निवासांचे आरक्षण मोबाईलवरच होते, आणि त्याची आगाऊ रक्कमही मोबाईलवरच येते. थोडक्यात, ज्या घरापर्यंत पक्का रस्ता गेलेला नाही, त्या घराचे खाते मात्र साऱ्या देशाशी जोडले गेले आहे. ही सोय मोठी आहे, आणि तीच चोराची वाटही आहे. घरातील दोन हजार रुपये गेले तर शहरातील नोकरदाराचा महिना कदाचित अडणार नाही. कुणब्याच्या घरात मात्र त्या दोन हजारांवाचून महिन्याचा बाजार राहतो.

या चोरीने केवळ पैसा जातो असेही नाही. लोंढ्याच्या बाजूला तालुक्याची हद्द ओलांडली की खानापूर तालुका लागतो. त्या तालुक्यात मार्च २०२५ मध्ये एका वयोवृद्ध दांपत्याने आपल्या प्राणांना मुकावे, अशी दुःखद घटना घडली. फोनवरून आलेल्या तोतया अधिकाऱ्यांनी त्यांना गुन्ह्यात गुंतविण्याची भीती घालून त्यांच्याकडून पन्नास लक्षांहून अधिक रुपये उकळले होते. आयुष्यभराची पुंजी गेली, कर्ज झाले, आणि तरीही मागणी थांबेना. त्या एकाकीपणात त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही.

या फसवणुकीला 'डिजिटल अटक' असे फसवे नाव चोरांनीच दिले आहे. तिची रीत एकदा समजून घेतली तर निम्मी भीती ओसरते. प्रथम फोन येतो. तुमच्या नावावरील सिमकार्ड गुन्ह्यात वापरले गेले आहे, किंवा तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगण्यात येते. नंतर मोबाईलच्या पडद्यावर गणवेषातील मनुष्य दिसतो, पाठीमागे ठाण्याचा देखावा असतो, आणि न्यायालयाच्या शिक्क्याचे कागद दाखविले जातात. कोणालाही सांगू नका, फोन बंद करू नका, खोलीबाहेर जाऊ नका, अशी आज्ञा होते. चौकशी होईपर्यंत पैसे सरकारच्या खात्यात ठेवा, असे शेवटी सांगतात. भारताच्या कोणत्याही कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूद नाही. चौकशीसाठी खात्यातील पैसे मागणारे पोलीसही नाहीत. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात हेच साऱ्या देशाला सांगितले होते. परंतु भेदरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. त्याला एखाद्या शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला तर मात्र तो सावरतो. आणि चोर तेच होऊ देत नाही. 'कोणाला सांगू नका' हे वाक्य त्याच्या साऱ्या विद्येचे मर्म आहे.

आता राखणदाराकडे वळावे. आपल्या राज्यघटनेने पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांच्या सूचीत घातले आहेत. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० सालचा, म्हणजे संसदेने केलेला, आणि म्हणून साऱ्या देशाला एकच. दुसऱ्याची ओळख वा गुप्त अंक चोरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे, या गुन्ह्यांना त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लक्षापर्यंत दंड आहे. परंतु कायदा पुस्तकातून उठून चोराची मानगूट धरीत नाही. तक्रार लिहून घेणारा शिपाई, तपास करणारा अधिकारी आणि पुरावा तपासणारी प्रयोगशाळा ही राज्य सरकारचीच असावी लागतात. म्हणून सायबर चोरीपासूनची राखण हे प्रामुख्याने राज्याचे कर्तव्य ठरते.

कर्नाटकाने हे कर्तव्य फार लवकर ओळखले, हे मान्य केले पाहिजे. सायबर गुन्ह्यांसाठी खास पोलीस ठाणे बेंगळूर येथे २००१ साली स्थापन झाले. आपल्या देशातील ते अशा प्रकारचे पहिले ठाणे मानले जाते. पुढे सायबर, आर्थिक व अमली पदार्थविषयक गुन्ह्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत निराळी ठाणी काढण्यात आली, आणि उत्तर कन्नडचे असे ठाणे कारवारला आले. तपासाचे शिक्षण अधिकाऱ्यांना मिळावे म्हणून राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने २०१९ साली इन्फोसिस फाऊंडेशनच्या साहाय्याने बेंगळुरात प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू केले. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने आपले सायबर सुरक्षा धोरण जाहीर केले, आणि २०२५ साली महासंचालकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सायबर कमांड हा स्वतंत्र विभाग निर्माण केला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२३ साली देशात सायबर गुन्ह्यांची ८६,४२० प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी २१,८८९ एकट्या कर्नाटकातील होती. देशातील चौथा हिस्सा एका राज्यात, हे ऐकून कोणालाही धक्का बसेल. परंतु आकड्याचा अर्थ विचारपूर्वक लावावा लागतो. जेथे ठाणी अधिक व तक्रार लिहून घेण्याची सवय जुनी, तेथे नोंद अधिक होणारच. जेथे नोंदच होत नाही, तेथे गुन्हा नाही असे समजण्याचे कारण नाही. तेथे हाकारा उठलेला नाही, एवढेच.

इतर राज्येही स्वस्थ बसलेली नाहीत. केरळ पोलिसांनी २०१६ साली तिरुवनंतपुरम येथे सायबरडोम नावाचे केंद्र काढून खाजगी क्षेत्रातील संगणकतज्ज्ञांना पोलिसांच्या मदतीस आणले. तेलंगणाने स्वतंत्र सायबर सुरक्षा विभाग स्थापन केला. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०१६ रोजी जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा उघडल्या. जप्त केलेला मोबाईल वा संगणक दूरच्या शहरी पाठवून अहवालाची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता.

अशा तपासाची कसोटी पुण्यात लागली. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या रोकडयंत्रांच्या संगणकीय व्यवस्थेत शिरकाव केला, आणि बनावट कार्डांच्या साहाय्याने अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून काही तासांच्या आत पैसे काढले. नंतर हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी रक्कम वळविली. एकूण चोरी सुमारे ९४ कोटी ४२ लक्ष रुपयांची होती. बनावट कार्डे घेऊन पैसे काढणारे लोक कोल्हापुरासारख्या आपल्या परिचयाच्या गावीही वावरले होते. पुणे पोलिसांनी रोकडयंत्रांजवळच्या चित्रफिती तपासून एकेक दुवा जोडला, आरोपींना पकडले, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. हाँगकाँगमध्ये अडकलेल्या रकमेचा काही भागही परत मिळाला. सूत्रधार मात्र पडद्याआडच राहिले. राज्याचे पोलीस चिकाटीने काय करू शकतात ते या प्रकरणात दिसले, आणि परदेशातील चोरापुढे त्यांचा हात कोठे थबकतो तेही दिसले.

चोर पकडण्यास वर्षे लागतात. पैसा मात्र काही मिनिटांत निसटतो. म्हणून आता राखणीचा भर चोराच्या पाठलागाइतकाच पैशाच्या पाठलागावर आला आहे. फसवणुकीची वर्दी देण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली एक दूरध्वनी क्रमांक सुरू केला. २०२२ पासून तो एक-नऊ-तीन-शून्य, म्हणजे १९३०, असा आहे. क्रमांक साऱ्या देशाला एक असला, तरी तो उचलणारा मनुष्य त्या त्या राज्याचा पोलीस असतो. केंद्राने रस्ता बांधला आणि राज्याने त्यावर पहारा बसविला, असा हा संयोग आहे.

या क्रमांकावर हाक दिल्यावर काय होते, ते समजून घेण्यासारखे आहे. तक्रारदाराने आपले नाव, बँकेचे नाव, गेलेली रक्कम, वेळ आणि संदेशात आलेला व्यवहाराचा क्रमांक एवढे सांगावयाचे असते. पोलीस ती माहिती संगणकावर भरतात, आणि ती तत्काळ बँकेकडे जाते. पैसे ज्या खात्यात गेले तेथे ते शिल्लक असतील तर ती रक्कम गोठविली जाते. खातेदाराला ती काढता येत नाही. पैसे पुढच्या बँकेत गेले असतील, तर सूचनाही त्यांच्या मागोमाग पुढच्या बँकेत जाते. एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर हाकारा जावा, तशीच ही रीत आहे. तक्रारदाराला पोचक्रमांक मिळतो, आणि चोवीस तासांच्या आत सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर त्याने संपूर्ण तक्रार भरावी अशी अपेक्षा असते. ज्याला ते जमत नसेल, त्याने ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची वर्दी जवळच्या ठाण्यात घेतली गेली पाहिजे. 'हे आमच्या हद्दीतले नाही, कारवारला जा' असे उत्तर रामनगरच्या वा जोयड्याच्या माणसाला मिळू नये, असे आता कायदाच म्हणतो.

चोरही या पाठलागास तोंड देण्यास सज्ज असतो. त्याने आधीच शेकडो भाड्याची खाती जमवून ठेवलेली असतात. गरजू तरुणाला दोन-चार हजार रुपये देऊन त्याचे पासबुक, कार्ड व सिम तो मागून घेतो. आपण काही चोरी केली नाही, केवळ खाते वापरावयास दिले, असे त्या तरुणाला वाटते. परंतु चोरीचा माल ज्याच्या घरात ठेवला जातो, तोही चौकशीतून सुटत नाही. पोलीस प्रथम पोहोचतात ते याच तरुणाच्या दारात. खेड्यापाड्यांतील शाळा-कॉलेजांतून ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली गेली, तरी चोरांची निम्मी कोठारे ओस पडतील.

गोठविलेला पैसा परत मिळविण्यासाठी अनेकदा न्यायालयाचा हुकूम घ्यावा लागतो. याखेरीज नागरिकाच्या हाती आणखी दोन साधने आहेत, आणि ती फारशी कोणास माहीत नाहीत. पहिले साधन रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम. ग्राहकाची चूक नसता त्रयस्थाने केलेल्या चोरीमुळे पैसे गेले, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत बँकेस कळविले, तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास तो भार मर्यादित असतो. ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक सांगितला असला, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यापुढचे बँकेचे. म्हणजे येथेही सारे वेळेवरच येऊन ठेपते. दुसरे साधन राज्य सरकारपाशी आहे. प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचा सचिव हा कायद्याने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी असतो, आणि पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे तो ऐकू शकतो. महाराष्ट्रात या अधिकाऱ्याने बँकांना भरपाई देण्याचे हुकूम दिल्याची उदाहरणे आहेत. ज्या हक्काची माहितीच नाही तो हक्क तिजोरीत कुलूपबंद असल्यासारखाच. तो लोकांना सांगणे हा रक्षणाचाच भाग आहे.

राज्याच्या राखणीची आणखी एक बाजू आहे, आणि ती जरा अडचणीची आहे. राज्य सरकार हे स्वतःच लोकांच्या माहितीचे सर्वांत मोठे कोठार आहे. जमिनीचे उतारे, खरेदीखते, शिधापत्रिका, बोटांचे ठसे सारे त्याच्यापाशी आहे. राखणदाराच्याच घराला भगदाड असेल तर? २०१९ साली कर्नाटक सरकारच्या ई-खरेदी यंत्रणेतूनच साडेअकरा कोटींच्या आसपास रक्कम पळविली गेली. २०२३ साली मंगळूर व बेंगळूर भागांत निराळाच प्रकार उघडकीस आला. दस्तनोंदणीच्या कचेरीत जाऊन आलेल्या लोकांच्या खात्यांतून, त्यांनी कोणालाही गुप्त अंक सांगितला नसता, पैसे जाऊ लागले. नोंदविलेल्या दस्तांच्या संगणकीय प्रतींवरून बोटांचे ठसे व आधार क्रमांक उचलून चोरांनी त्या ठशांच्या आधारे पैसे काढले होते. मंगळूर पोलिसांनी या प्रकरणी बिहारातून आरोपी पकडले, आणि प्रतींवरील ठसे झाकले जावेत अशी मागणी पुढे आली. गुप्त अंक माणसाला बदलता येतो. बोट बदलता येत नाही. म्हणून लोकांचा ठसा घेणाऱ्या कचेरीने तो सोन्यासारखा जपला पाहिजे. ज्यांना अंगठ्यावर पैसे काढण्याची गरज नाही, त्यांना आधारमधील आपल्या ठशांना कुलूप लावून ठेवता येते. ही सोयही गावच्या सेवाकेंद्रात करून मिळाली पाहिजे.

आता पुन्हा जोयड्याकडे येऊ. वरील साऱ्या व्यवस्थेचा हिशेब मिनिटांत आहे, आणि जोयड्यातील अंतरे तासांत आहेत. अणशीचा घाट उतरून कारवारच्या ठाण्यात पोहोचेपर्यंत दिवस मोडतो. वाडीत ध्वनिलहर नसेल तर बँकेचा संदेशच दुसऱ्या दिवशी, टेपावर गेल्यावर वाचावयास मिळतो. म्हणजे जनावर पीक खाऊन गेल्यावर हाकारा उठतो. मोबाईल सेवा नसलेल्या देशातील सुमारे पंचवीस हजार गावांपर्यंत ती नेण्याची योजना केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली. असे मनोरे म्हणजे केवळ करमणुकीची सोय नव्हे. ज्या दिवशी बँकेचे खाते सक्तीचे झाले, त्या दिवसापासून ध्वनिलहर ही रक्षणाची बाब झाली. खाते पोहोचवायचे आणि हाक पोहोचण्याची वाट मात्र ठेवायची नाही, हा न्याय नव्हे.

दुसरी अडचण भाषेची. चोर ज्याला लुबाडावयाचे त्याच्या भाषेत बोलावयास शिकतो. सरकारने मागे का राहावे? राजभाषा कानडी आहे आणि तिचा मान राहिलाच पाहिजे. परंतु धोक्याची सूचना ही हुकूमनाम्यासारखी नसते, ती हाकाऱ्यासारखी असते, आणि ऐकणाऱ्याला कळली तरच तिचा उपयोग. कुणबी घरातील वृद्धेला कोकणीत, गवळीवाड्यावर मराठीत आणि हाटात कानडीत तीच गोष्ट सांगितली गेली पाहिजे. तालुक्यात शाळा आहेत, ग्रामपंचायतींची वाचनालये आहेत, स्त्रियांचे बचतगट आहेत. उळवीच्या जत्रेला हजारो माणसे जमतात, आणि कंदमुळांच्या मेळ्यालाही सारा तालुका लोटतो. पोलिसांनी अशा ठिकाणी एक फलक, एक शिपाई व एक साधी गोष्ट एवढ्या सामग्रीवर जे काम होईल, ते जिल्ह्याच्या सभागृहातील दहा परिसंवादांनी होणार नाही.

तिसरी अडचण सर्वांत जुनी आहे, ती लाजेची. फसविला गेलेला मनुष्य स्वतःलाच अपराधी समजतो. मुलगा रागावेल, गाव हसेल, म्हणून तो गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याच्या काळात पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निघून जातो. २०२४ साली देशभरात अशा फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. आदल्या वर्षी तो आकडा ७,४६५ कोटी होता. या रकमा गमावणाऱ्यांत डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. शेतात गवा शिरला म्हणून शेतकऱ्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. तीच दृष्टी येथेही हवी. ठाण्यातील पहिल्या शिपायाने 'तुम्ही पैसे दिलेच कशाला?' असे विचारले, तर तो मनुष्य पुन्हा त्या पायऱ्या चढणार नाही, आणि त्याला पाहून दुसराही चढणार नाही. राज्याचे सारे आधुनिक केंद्र त्या एका प्रश्नाने निकामी होऊ शकते.

राज्य सरकारने काय करावे, हे यावरून स्पष्ट होते. बेंगळूरची यंत्रणा बळकट झाली आहे. आता तिचा पहिला माळा गावात उभारला पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या सेवाकेंद्रात, पोस्टात व बँकेच्या शाखेत असा एक मनुष्य असावा, की जो घाबरलेल्या माणसाच्या वतीने तो क्रमांक फिरवील, व्यवहाराचा क्रमांक वाचून दाखवील आणि तक्रार भरून देईल. खात्यातून एकाएकी मोठी रक्कम अनोळखी ठिकाणी पाठवू पाहणाऱ्या वृद्धाला बँकेच्या कारकुनाने 'आजोबा, कोणाचा फोन आला होता का?' एवढे आपुलकीने विचारावे. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

आणि नागरिकानेही आपली कडी सांभाळली पाहिजे. गुप्त अंक कोणासही न सांगणे, पैसे घेण्यासाठी कधीच गुप्त अंक टाकावा लागत नाही हे ध्यानी ठेवणे, अनोळखी दुवा न उघडणे ही पथ्ये आता बहुतेकांच्या कानांवर आली आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालावी. 'कोणाला सांगू नका' असे जो म्हणतो, तो चोर, असे समजून त्याच क्षणी फोन ठेवावा आणि घरातल्या वा शेजारच्या माणसाला हाक मारावी. पैसे गेलेच असतील तर उजाडण्याची वाट न पाहता एक-नऊ-तीन-शून्य फिरवावा.

राज्याचा पहारा कितीही दक्ष असला, तरी पहिली हाक ज्याच्या शेतात जनावर शिरले त्यालाच द्यावी लागते. ती हाक देण्यास त्याला लाज वाटू नये, भाषा अडू नये आणि डोंगरावरील टेप चढावा लागू नये, एवढी व्यवस्था करणे हे राज्याचे काम आहे. खानापुरातील ते वृद्ध दांपत्य एकटे राहिले. त्यांच्यानंतर आपल्या कोणत्याही गावात, कोणत्याही वाडीत, तशा प्रसंगी कोणीही एकटे राहू नये, यातच साऱ्या राखणीचे सार्थक आहे.